बारा वाजता माती

गंगापूर रोडवरच्या त्या काचेच्या दुकानाला कोणी दुकान म्हटलेलं मालक धवलला खपत नसे. स्टुडिओ म्हणायचं. तिथे गाड्या धूत नसत, त्यांचं डिटेलिंग करत. येणारा गिऱ्हाईक नसे, क्लायंट असे. एवढी इंग्रजी इस्त्री मारलेल्या त्या जागेत एकच शब्द मराठी राहिला होता आणि तो गेणूमुळे. रंगावर घट्ट बसलेली बारीक घाण उचलणारी क्लेची निळी वडी पहिल्या दिवशी त्याच्या हातात दिली, तेव्हा त्याने ती दाबली, ताणली, हुंगली आणि निकाल दिला, "ही तर माती हे." तेव्हापासून माती. माती झाली का, माती कितीला लावतो, अर्ध्या गाडीची माती राहिलीय. काउंटरवर बसणारी संपदा फोनवर 'क्ले ट्रीटमेंट' म्हणायची आणि फोन ठेवला की आत वळून ओरडायची, "गेणूदादा, उद्या दोन मात्या आहेत हं!" पहिल्यांदा हे ऐकून गेणूने कानाला हात लावला होता. तिने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काय नाय ताई. आमच्याकडं असं म्हणत नाय." का म्हणत नाहीत, हे विचारायची तिला गरज वाटली नाही. पुढे त्यालाही सवय झाली.

संपदा पंचवटीतली. तिचे वडील यज्ञेश्वर गुरुजी रामकुंडावर क्रियाकर्मं करत. घरात उठल्यापासून कोणाचं दहावं, कोणाचं बारावं, कोणाच्या अस्थी, कोणाची तिथी. मुंडण केलेले खेड्यापाड्यांतले यजमान सकाळी ओट्यावर येऊन बसलेले असत आणि संपदा त्यांच्याकडे न बघता स्कूटी काढत असे. ज्या धंद्यावर आपण वाढलो त्याची इतकी किळस असलेली माणसं जगात पुष्कळ असतात, तिला एकटीला कशाला नावं ठेवायची? तिला ही काच, हा एसी, हा लिंबाच्या वासाचा फवारा आवडे. आणि कामाला ती चोख होती. तीन वर्षांत एकही वेळ चुकवली नाही, असं धवल सगळ्यांना सांगे. चूक होत नसे यापेक्षा झालेली चूक तिच्या नावावर कधी लागत नसे, हे जास्त खरं होतं. "माझं चुकलं" हे दोन अक्षरी आणि तीन अक्षरी शब्द तिच्या तोंडातून एकापाठोपाठ निघालेले कोणी ऐकलेले नव्हते.

त्या मंगळवारी गेणू पावणेनऊलाच आला. थंडी मरणाची होती. नेहमीप्रमाणे त्याने कमरेचा पट्टा सोडला, बोटातली तांब्याची अंगठी काढली, खिशातला फोन काढला आणि तिन्ही वस्तू काउंटरवरच्या डब्यात ठेवल्या. मातीचं काम करताना अंगावर धातूचा कण नको, हा तिथला नियम. पट्ट्याचं बक्कल एकदा रंगाला घासलं की झालं. फोन मात्र त्याने ठेवून लगेच हात काढला नाही.

"ताई, गावाकडून फोन आला तर तेवढी हाक मारा. आईचं काय खरं नाय."

"अजून बरं नाही का?"

"काल पाणी बी गिळत नव्हती. बहिरूदादाला म्हणली, गेणूला बोलवा, त्याच्या हातचं पिते. मी धाकटा ना." तो जरा हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे भरून आले. "शेठला म्हणलं जाऊ द्या, तर म्हणले एवढी गाडी काढून दे, मग चार दिवस जा. दोनला गाडी गेली की मी तसाच निघतो. पण मधी काय झालं तर..."

"मारते की हाक. तुम्ही निश्चिंत जा." संपदा पेनं ओळीत लावत होती.

गाडी दाराशीच उभी होती. काळी, उंच, ट्रकच्या चुलतभावासारखी. कॉलेज रोडच्या एका बिल्डरची. सहा महिने ती अंबडला त्याच्या साइटवर उभी होती आणि कारखान्यांची लोखंडी धूळ तिच्या रंगात रुतून बसली होती. लांबून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. पण गेणूने धुऊन झाल्यावर हातात भाजीची पातळ पिशवी चढवली आणि दारावरून तळवा फिरवला, तेव्हा खरखरीत आवाज आला. हाताला न कळणारी घाण पिशवीतून कळते, ही त्याची युक्ती नव्हे, धंद्यातलीच. पण किती कळते ते त्याच्या हातालाच माहीत. संध्याकाळी बिल्डरच्या मुलाचा साखरपुडा होता. दोन वाजता गाडी आरशासारखी हवी होती.

गेणूने वडी कोमट पाण्यातून काढली, एक तुकडा तोडून भाकरीसारखा थापला, रंगावर फवारा मारला आणि सरळ रेषेत, अलगद, पुढे-मागे फिरवू लागला. गोल फिरवायचं नाही. दाबायचं नाही. आधी माती अडखळते, कुरकुरते, मग तिचा आवाज बंद होतो आणि ती लोण्यावरून जावी तशी जाते. मग तुकडा दुमडायचा, मळायचा, स्वच्छ बाजू वर काढायची. खाली पडला तर फेकायचा, कितीही नवा असो. एका दाराला त्याला वीस मिनिटं लागत. दुसऱ्या कोणाला हे काम धवल देत नसे. एकदा स्वतः करून पाहिलं होतं आणि एका डॉक्टरच्या गाडीवर ओरखड्यांची जाळी उमटवली होती.

पावणेदहाला डब्यातला फोन वाजला. संपदा तेव्हा आदल्या दिवशीच्या एका गाडीचा व्हिडिओ कापत होती. तिने एका हाताने फोन उचलला.

"गेणू हे का?" पलीकडे पुरुषाचा घोगरा आवाज. मागे बायकांचा गलका.

"कामात आहेत. बोला."

"मी बहिरू. सायखेड्याहून. त्याला म्हणावं, बारा वाजता माती हे."

आता या ठिकाणी दुसरी कोणी असती तर निदान एवढं विचारती, की काय म्हणालात? पण संपदाच्या कानाला माती म्हणजे काय हे तीन वर्षांपूर्वी ठरून गेलं होतं. गेणूने गावभर सांगितलं असणार, बिल्डरची मोठी गाडी आहे म्हणून, आणि आता भाऊ चौकशी करतोय, असं तिच्या मनात आलं. तिला हसूही आलं.

"हो, माती आहे ना. त्यांना माहीतच आहे."

"माहीत हे?" तो म्हणाला. "कोणी सांगितलं?"

"म्हणजे काय! सकाळपासून तेच चाललंय इथे."

"मग... निघाला का तो?"

"कुठे? दोन वाजेपर्यंत हलणार नाहीत ते. दोनला गाडी द्यायचीय."

पलीकडचा माणूस हळू म्हणाला, "असं म्हणला गेणू? आईची..." पुढचं बायकांच्या गलक्यात बुडालं.

"हो. गाडी झाल्याशिवाय नाही येणार," संपदा म्हणाली. तिचा व्हिडिओ नेमका तिथेच अडकला होता.

"बरं," बहिरू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हाक मारायची तिला आठवण झाली नाही असं नाही. पण निरोप तर कामाचाच होता, आणि काम चालूच होतं. त्यासाठी माणसाचा हात कशाला थांबवायचा? उलट आपण छान निभावलं, असंच तिला वाटलं.

सव्वादहाला धवल आला. तो मूळचा कळवणचा, पण अंगाला अत्तर इतकं लावी की कळवण शोधूनही सापडू नये. संपदाने त्याला गंमत म्हणून सांगितलं. "सर, गेणूदादाच्या भावाचा फोन होता सायखेड्याहून. बारा वाजता माती आहे म्हणे! आता गावालाही आपलं वेळापत्रक पाठ झालंय."

धवल हसला नाही. गाडीची किल्ली त्याने काउंटरवर ठेवली आणि काचेतून आत पाहिलं. गेणूची डावी बाजू होत आली होती. उजवी बाजू, टप आणि बॉनेट बाकी होतं.

"तू काय म्हणालीस?"

तिने सांगितलं. अगदी दोनला गाडी द्यायचीय हेसुद्धा सांगितलं.

"संपदा," धवल आवाज खाली आणून म्हणाला, "माती म्हणजे मयत गं. माती आहे म्हणजे अंत्यविधी आहे. आई गेली त्याची."

ती तर रामकुंडावरच्या गुरुजींची मुलगी. ओट्यावरचे ते यजमान तिच्या डोळ्यांपुढून गेले, "मातीला दोनशे माणूस होतं" असं सांगणारे, आणि तिने कधी न ऐकलेले. ती दाराकडे वळली.

"थांब."

"सर, तासाभराचा रस्ता आहे. चांदोरीवरून वळले की झालं. आत्ता निघाले तर पोचतील. त्यांच्यासाठी थांबवतीलही."

"थांबवतील कशाला? तू सांगितलंस ना, तो येत नाही म्हणून." धवल हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. "बस खाली. आता त्याला सांगितलंस तर तो काय ऐकेल? पहिलं हेच ऐकेल, की फोन अर्ध्या तासापूर्वी आला होता आणि तू भावाला सांगितलंस, त्याला माहीत आहे, तो येणार नाही. सांग. जा. मी अडवत नाही."

संपदा बसली.

"गेलेली बाई गेली," धवल म्हणाला. "ती बाराला जळली काय आणि चारला जळली काय, तिला काही फरक नाही. पण ही अर्धी गाडी मी काय करू? डावीकडून काच आणि उजवीकडून जातं? साखरपुड्याला त्यांनी दारात उभी करायची? काम होऊ दे. मग मी स्वतः सांगतो." त्याने डब्यातला फोन उचलून तिच्यापुढे सरकवला. "आणि तो कॉल पुसून टाक."

ती पुसत होती तेवढ्यात फोन हातातच थरथरला. पडद्यावर नाव आलं, उज्वला. गेणूची बहीण. संपदाने आवाज बंद केला आणि ते नाव पडद्यावर लुकलुकत असेपर्यंत बघत राहिली. मग दोन्ही कॉल पुसले आणि फोनच बंद करून टाकला. हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पावणेअकरा झाले. अजून वेळ होती. अकराला निघाला तरी बाराला पोचेल, हा हिशोब तिच्या डोक्यातून जात नव्हता. शेवटी ती उठली, चहाचा पेला घेतला आणि आत गेली. सांगायचंच, असं ठरवून गेली होती, हे तिच्या बाजूने म्हणायला हवं. केबिनच्या काचेतून धवल बघत होता. त्याने हात केला नाही, मान हलवली नाही, नुसता बघत होता.

गेणू बॉनेटवर वाकला होता. कपाळावर त्या थंडीत घाम. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

"ताई, या. हात फिरवा हितं." त्याने भाजीची पिशवी तिच्या हातात चढवली आणि आधी न केलेल्या भागावरून फिरवायला लावली, मग केलेल्या. "बघा. कळतंय का? इकडं वाळू, आन् इकडं काय नाय."

"हो," संपदा म्हणाली. खरंच काही नव्हतं.

"माझी आई भांडं घासल्यावर अशीच बोट फिरवायची. आवाज आला तर परत घासाया लावायची, राखंनी." तो मातीचा तुकडा मळत होता. "दोनला सुटलो की तिच्याकडं. तिला पाणी पाजलं की मी मोकळा."

आता सांग, असं तिच्या मनाने तिला म्हटलं. तोंड उघडलंही. आणि त्या क्षणी तिला दिसलं, की सांगताही येईल आणि न सांगताही येईल. शब्द तोच होता. त्याच्या भावाने वापरलेलाच होता. तिने तो नुसता पुढे द्यायचा होता.

"गेणूदादा, फोन आला होता," ती म्हणाली. "बारा वाजता माती आहे."

गेणूने वर पाहिलं. अर्धा क्षण तिला वाटलं, याला कळलं. तिला थोडी आशाही वाटली. पण त्याच्या हातात माती होती, पुढ्यात गाडी होती, आणि बोलणारी होती संपदाताई, जिच्या तोंडी माती म्हणजे दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"साहेबांचा का? बारालाच पाहिजे म्हणतात?" तो गडबडीने वाकला. "सांगा त्यांना, बाराच्या आत मातीचं उरकतो. मग मेण लावायला दोन तास. काळजी नको म्हणावं."

ती आणखी थोडी उभी राहिली. एक वाक्य पुरेसं होतं. आई, एवढा एक शब्द पुरेसा होता. तिने पेला त्याच्याजवळच्या स्टुलावर ठेवला आणि ती बाहेर आली. आपण सांगितलं, असं ती स्वतःला म्हणाली. अक्षर न् अक्षर सांगितलं. त्याला कळलं नाही त्याला आपण काय करणार? माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील शोधून सापडत नाही.

बाराच्या ठोक्याला गेणू आतून ओरडला, "झाली हो ताई माती! वेळेवर!" संपदाने ऐकलं. धवलनेही ऐकलं. धवलने लॅपटॉपवरून मान वर काढली नाही.

दोनला बिल्डर आणि त्याची बायको आली. बायकोने गाडीच्या दारात आपली टिकली नीट केली. बिल्डरने बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, "नवी घेतली तेव्हाही अशी नव्हती." गेणू दोन पावलं मागे, ओले हात पुसत, लाजून उभा होता. धवलने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जादू आहे साहेब या हातात." गाडी रस्त्याला लागली, वळली, दिसेनाशी झाली. मग तोच हात पाठीवरून न काढता तो म्हणाला, "गेणू, तू निघ आता. आत्ताच घरून निरोप आला. आई जास्त आहे."

गेणूने डब्यातून अंगठी घेतली, पट्टा तसाच हातात धरला. फोन दाबून पाहिला. "बंद पडला वाटतं."

"चार्जिंग संपलं असेल," संपदा म्हणाली.

"ताई, आई जास्त हे म्हणजे... बोलती ना?"

संपदाने धवलकडे पाहिलं. धवल म्हणाला, "तू पोच आधी." गेणू धावत सुटला. पट्टा न बांधल्यामुळे एका हाताने पँट धरून तो मोटारसायकलला किक मारत होता. ते रूप हसण्यासारखं होतं, आणि दाराशी उभा असलेला पाणी मारणारा माणूस हसलाही.

सायखेड्यात काय झालं ते संपदाला कळायचं कारण नव्हतं, पण अशा गोष्टी कळतात. गेणू पोचला तेव्हा नदीकाठी राख गरम होती. माणसं परत फिरली होती. आईला अग्नी धाकट्याने द्यायचा, गेणूच्या आईने, चंद्रभागाबाईने, तर तसं बोलून ठेवलेलं; पण धाकट्याला गाडी पुसायची होती, असं फोनवर कळलं, म्हणून थोरल्याने दिला. कोणी थांबलं नाही. थांबणार कोणासाठी? येतोय असं म्हणाला असता तर संध्याकाळपर्यंतही थांबले असते. शेजारची कुसाबाई त्याला बघून नुसती म्हणाली, "झाली का रे गाडी चकाचक?" भावकीत कोणी त्याच्याशी बोललं नाही. दहाव्याला त्याचं डोकं भादरलं, पण पिंडाजवळ त्याला कोणी सरकू दिलं नाही. बहिणीने, उज्वलाने, त्याच्या हातचं ताट परत दिलं.

तो शपथा घेत होता. मला कोणी सांगितलं नाय, आईच्यान, मला काय माहीत नव्हतं. बहिरू एकच म्हणत होता, "मी माझ्या कानानं ऐकलं. बाई म्हणली, त्याला माहीत हे." शेवटी तेरावं झाल्यावर गेणू म्हणाला, "दादा, चल माझ्यासंगं नाशिकला. ताईच्या तोंडून ऐक. तुझा काय तरी घोटाळा झालाय. ताई खोटं नाय बोलायची."

म्हणून चौदाव्या दिवशी सकाळी दोघे स्टुडिओच्या काचेच्या दारात उभे होते. दोघांची डोकी तुळतुळीत. बहिरूने चपला बाहेर काढल्या, कारण फरशी फार चकचकीत होती. संपदाने त्यांना लांबूनच पाहिलं. चौदा दिवस ती याच क्षणाला भीत होती. घास उतरत नव्हता, वडील विचारत होते काय झालं म्हणून. तिने मनात तीन-तीन उत्तरं घोळवून ठेवली होती. केबिनमध्ये धवल होता. तो खुर्चीवरून उठला, पण बाहेर आला नाही.

"ताई, हे माझे थोरले बंधू," गेणू म्हणाला. चौदा दिवसांत तो दहा वर्षांनी उतरला होता, पण आवाजात खात्री होती. घरच्या माणसाकडे यावं तसा तो काउंटरशी आला. "यांना एवढंच सांगा. त्या दिवशी मला कोणी काय सांगितलं नव्हतं. एवढं सांगितलं की झालं. मग मी गावात तोंड दाखवतो."

दुसरं त्याचं काहीच मागणं नव्हतं. आई गेली ती गेली, मुखात पाणी घालायचं राहिलं ते राहिलं. निदान मुद्दाम आला नाही असं तरी भावाने म्हणू नये, एवढंच.

संपदाने त्याच्याकडे पाहिलं. मग बहिरूकडे पाहिलं.

"मी सांगितलं होतं, गेणूदादा," ती म्हणाली.

गेणूला ऐकू आलं नाही असं वाटलं. तो अजून हसऱ्या तोंडानेच उभा होता.

"चहा घेऊन आले होते मी आत. तुम्ही बॉनेटवर होतात. मला हात फिरवायला लावलात, आठवतं? मी म्हटलं, फोन आला होता, बारा वाजता माती आहे." तिचा आवाज कापला नाही. कापेल असं तिला वाटलं होतं. "तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

गेणू आठवत होता. प्रामाणिक माणसाची हीच पंचाईत असते, आठव म्हटलं की तो खरंच आठवतो.

"काय म्हणला तू?" बहिरूने विचारलं.

"मी म्हणलो..." गेणू थांबला. "म्हणलो, बाराच्या आत उरकतो. काळजी नको म्हणावं."

बहिरूने भावाकडे नुसतं पाहिलं.

"दादा, मला वाटलं ही माती." गेणू धडपडत मागे गेला आणि पत्र्याच्या डब्यातून निळा गोळा काढून घेऊन आला. तो त्याने भावापुढे धरला. "ही. हिला आम्ही माती म्हणतो. मीच नाव पाडलं हिला. मला वाटलं..."

बहिरूने त्या निळ्या गोळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ही बाई शहरातली," तो म्हणाला. "हिला नसंल कळलं. पण तू? आई मरायला टेकलेली, ही फोन आला म्हणून सांगते, माती हे म्हणून सांगते, आन् तुला ही आठवली?" त्याचा आवाज चढला नाही. "मी गावाला सांगन, त्याला सांगितलं होतं, त्याला कळलं नाय. आता हे ऐकून लोकं काय म्हणतील ते तूच बघ. घरी येऊ नको." तो बाहेर गेला, चपला घातल्या आणि रस्त्यापलीकडे रिक्षाला हात केला. मागे वळून पाहिलं नाही.

गेणू गोळा हातात धरून उभा राहिला. संपदाला वाटलं, आता हा ओरडेल. आता म्हणेल, ताई, तुम्हाला तेव्हा कळलं होतं का माती म्हणजे काय? या प्रश्नाचं उत्तर तिने तयार केलेलं नव्हतं.

पण तो प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नाही. तो कधी येणारही नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष नाय. तुम्ही सांगायचं काम केलं." त्याने बाहीने नाक पुसलं. "मीच माती खाल्ली."

"असू दे, गेणूदादा," संपदा म्हणाली. "होतं असं."

तो आत गेला. केबिनमध्ये धवल पुन्हा खुर्चीवर बसला आणि त्याने फोन कानाला लावला. संपदाने घड्याळात पाहिलं, पावणेबाराच झाले होते. जेवायची वेळ एकची असे. पण चौदा दिवसांत पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली होती, आणि तिने डबा उघडला.